पाय भरून येतो, पेडल सरकतं, मधेच झोपतं : ट्रान्स्क्रिप्शनच्या फूट पेडलची रोजची कटकट

दिवसाचे चार-पाच तास कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकत टाइप करणाऱ्यांसाठी, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. फूट पेडल म्हणजे ते रेकॉर्डिंग पायाने चालवायचं, थांबवायचं, मागे घ्यायचं साधन, बहुतेकांवर शेजारी-शेजारी तीन पेडलं असतात. कधीतरी एखादी पाच मिनिटांची फाइल उतरवायची असेल तर यातलं काही लागत नाही, माऊसने थांबवा, चालवा, संपला विषय. पण रोज मुलाखती, डिक्टेशन, मीटिंगची रेकॉर्डिंगं असा रतीब असेल तर पेडलशिवाय हात मोकळे राहत नाहीत, आणि पेडल आलं की त्याच्यामागून तक्रारी येतातच. माझी तक्रार ठरलेली होती. नवीन पेडल आणलं की आठवडाभर मजेत जायचा, मग संध्याकाळी उजवी नडगी ठणकायला लागायची, मग मी पेडलला शिव्या घालून दुसरं शोधायचे, त्याचाही आठवडा बरा जायचा आणि परत तेच. अशी तीन पेडलं झाली. चौथं घ्यायच्या आधी जरा डोकं वापरलं म्हणून वाचले, कारण चूक अर्धी खुर्चीची होती आणि अर्धी माझ्या एका गैरसमजाची.

आधी दुखतंय नक्की कुठे ते बघा, नुसतं 'पाय दुखतो' म्हणून काही कळत नाही. नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर पेडल दाबल्यामुळे नाही, न दाबता पाऊल वर धरून ठेवल्यामुळे दुखतंय, कारण चवडा वर उचलून धरायचं काम तिथल्याच स्नायूचं असतं. पोटरी आखडत असेल तर पेडल कडक आहे नाहीतर तुमची टाच जमिनीला टेकतच नाहीये. मांडीखाली किंवा गुडघ्यामागे मुंग्या येत असतील तर खुर्चीची पुढची कड रुततेय, म्हणजे खुर्ची उंच आहे, इथे पेडल बदलून काडीचा उपयोग नाही. आणि कमरेची एकच बाजू धरत असेल तर पेडल कुठे ठेवलंय ते वाकून बघा, नव्वद टक्के वेळा ते टेबलाच्या पायाजवळ नाहीतर सीपीयूच्या बाजूला कोपऱ्यात ढकललेलं असतं आणि तुम्ही अख्खा दिवस वाकडं बसून ते गाठताय.

आता तो गैरसमज. मला वाटायचं पेडल जितकं हलकं तितकं आरामाचं, दुकानदारही 'एकदम सॉफ्ट आहे' असंच कौतुकाने सांगतो. पण हलक्या पेडलवर पाय नुसता ठेवला तरी ऑडिओ चालू होतो, मग तो चालू होऊ नये म्हणून तुम्ही नकळत चवडा अर्धा-पाऊण इंच हवेत धरून बसता, दिवसभर, आणि तीच ती नडगी. उलट जरा घट्ट स्प्रिंगचं पेडल असेल तर पाय त्यावर खुशाल सोडून देता येतो. म्हणून पेडल घेताना एकच गोष्ट करून बघा. टाच जमिनीवर टेकवा, चवडा पेडलवर ठेवा आणि पाय अगदी ढिला सोडा, झोपेत सोडतो तसा. पेडल दाबलं गेलं तर ते तुमच्या कामाचं नाही. दाबलं गेलं नाही, आणि मग टाच न उचलता नुसता चवडा थोडा दाबल्यावर टक्कन लागलं, तर बरोबर. दाबण्यासाठी गुडघ्यातून जोर काढावा लागला तर मात्र ते फारच कडक, त्याने पोटरी जाईल. हे ज्याच्या-त्याच्या पायाच्या वजनावर आहे, त्यामुळे दुसऱ्याला बरं वाटलेलं पेडल तुम्हाला बरं वाटेलच असं नाही, आणि ऑनलाइन मागवत असाल तर परत करता येतंय ना एवढं आधी बघून घ्या.

उंचीचंही तसंच. पेडलचा पुढचा भाग जितका उंच तितका घोटा वर दुमडलेला राहतो. बुटक्या, पसरट बॉडीचं पेडल चांगलं. उंच असेल आणि बदलायचं नसेल तर टाचेखाली काहीतरी द्या, मी जुन्या डिरेक्टरीचा अर्धा भाग कापून दिला होता, दिसायला भिकार पण घोटा सरळ झाला. चप्पल-बूट घालून काम करत असाल तर तेच घालून तपासा, अनवाणी पायाला बसलेलं पेडल जाड सोलच्या बुटाला हमखास चुकतं, कुठलं पेडल दाबलं गेलं तेच कळत नाही.

खुर्चीचा घोळ सांगते, कारण हा बऱ्याच जणांचा असणार. टेबल उंच होतं, मनगटं दुखू नयेत म्हणून मी खुर्ची वर घेतली, पाय लोंबायला लागले म्हणून फूटरेस्ट आणला, आणि पेडल? ते बिचारं खाली जमिनीवरच. म्हणजे डावा पाय फूटरेस्टवर आरामात आणि उजवा पाय खाली ताणून बोटांच्या टोकाने पेडल चाचपतोय. तीन पेडलं मी याच अवस्थेत वापरली आणि तिघांनाही नावं ठेवली! शेवटी प्लायचा एक रुंद तुकडा घेतला, दोन्ही पाय आणि पेडल मावेल एवढा, त्याच्याखाली ठोकळे देऊन वर घेतला आणि पेडल त्याच्यावर चिकटवलं. दोन्ही टाचा एका पातळीत, गुडघा काटकोनापेक्षा किंचित उघडा, पेडल बरोबर गुडघ्याच्या समोर. बाजारातला तिरपा फूटरेस्ट यासाठी चालत नाही, त्याच्यावरून पेडल घसरगुंडीसारखं खाली येतं, सपाटच पाहिजे.

पण सगळ्यात जास्त फरक ज्याने पडला ती वस्तू नव्हतीच, ते एक सेटिंग होतं. ऑटो बॅकस्टेप, म्हणजे पेडल सोडलं की ऑडिओ आपणहून थोडा मागे जाऊन थांबतो. हिशोब करून बघा. एक तासाच्या रेकॉर्डिंगला तुम्ही दर सहा सेकंदांनी थांबत असाल तर ६०० वेळा थांबणं आलं. प्रत्येक वेळी शेवटचा शब्द हुकला म्हणून मागे घ्यायचं तर ६०० वेळा प्ले आणि ६०० वेळा रिवाइंड, असे १२०० दाब, त्यातले निम्मे पाय आडवा फिरवून बाजूच्या रिवाइंडच्या पेडलवर नेऊन. बॅकस्टेप लावलं की ते निम्मे जवळपास जातातच. सॉफ्टवेअर हा आकडा मिलिसेकंदात मागत असेल तर १००० ते १५०० टाकून सुरुवात करा, म्हणजे एक ते दीड सेकंद. दोन सेकंदांच्या वर गेलं की तेच तेच ऐकून डोकं उठतं, अर्ध्या सेकंदाच्या खाली काही हाती लागत नाही. बोलणारा भरभर बोलत असेल तर कमी, रेंगाळत बोलत असेल तर जास्त. इतकं सोपं आहे पण मी दोन वर्षं हे सेटिंग उघडलंसुद्धा नव्हतं.

त्याच्या जोडीला स्पीड. पूर्वी टेप हळू केली की आवाज घोगरा व्हायचा, आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्पीड कमी केला तरी माणसाचा सूर तसाच राहतो. ७०-७५ टक्क्यांवर ठेवून बघा, टाइपिंग बोलण्याच्या जवळपास जायला लागतं आणि थांबायची गरजच कमी होते. अर्ध्याच्या खाली मात्र नेऊ नका, शब्द चिकट होतात, 'आहे' की 'नाही' कळत नाही आणि उलट जास्त वेळा मागे जावं लागतं.

अजून एक, पेडल धरून ठेवायचं की एकदा दाबून सोडायचं. जुन्या पद्धतीत दाबलंय तोवर चालतं, सोडलं की थांबतं. थोडं थोडं ऐकून टाइप करणाऱ्यांना हेच बरं, थांबणं झटकन होतं. पण स्वच्छ आवाजाची फाइल असेल आणि तुम्ही मिनिट-मिनिट न थांबता टाइप करत असाल तर तेवढा वेळ पाय दाबून ठेवणं ही शिक्षा आहे, तिथे एका दाबाला चालू आणि दुसऱ्या दाबाला बंद असं लावून घ्या, सोय बहुतेक वेळा पेडलमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी असते. मी फाइल बघून बदलते. आणि आठवड्यातून दोन दिवस डाव्या पायाने करते, पहिले दोन दिवस अगदी वेंधळ्यासारखं होतं, रिवाइंडच्या जागी फॉरवर्ड, मग जमतं.

सरकणाऱ्या पेडलबद्दल थोडक्यात. पेडल वजनाला हलकं असलं की फरशीवर पुढे पुढे पळतं, तुम्ही त्याच्यामागे पाय लांबवत जाता आणि तासाभराने बघावं तर टेबलाच्या पलीकडच्या कडेला पोचलेलं असतं. खालचे रबर ओल्या फडक्याने पुसा, बऱ्याचदा नुसती धूळ बसलेली असते. तरी पळत असेल तर गालिच्याखाली घालतात ती जाळीदार रबरी शीट त्याच्याखाली घाला. दुहेरी टेपने थेट फरशीला चिकटवू नका, काढताना रबरासकट निघून येतं, माझं आलंय. वायर खुर्चीच्या चाकाखाली येणार नाही अशी टेबलाच्या पायाला बांधून घ्या, पेडलं बिघडतात त्यातली कित्येक खरं म्हणजे वायरीच तुटलेल्या असतात.

आता मधेच मेल्यासारखं होणं. लक्षण असं की काम चालू असताना सगळं ठीक, फोन आला, दहा-पंधरा मिनिटं बोलून परत आलात की पेडल दाबलं तरी काही नाही, वायर काढून परत लावली की जणू काही झालंच नव्हतं. हे पेडल खराब झाल्याचं लक्षण नाही, विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतंय. डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात यूएसबी रूट हब असं लिहिलेल्या ओळी दिसतील, एकेकीच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी द्या अशा अर्थाची टिक असते ती काढा. शिवाय पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड सापडलं तर तेही बंद करा. पेडल एखाद्या स्वस्तातल्या हबला (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) लावलेलं असेल तर आधी तिथून काढून सरळ कॉम्प्युटरला लावा, माझ्या एका मैत्रिणीचा प्रश्न एवढ्यानेच सुटला, ती बिचारी पेडल उघडून बसली होती.

पोर्ट जागा आहे तरी पेडल चालत नसेल तर नोटपॅड उघडून दाबून बघा. अक्षर उमटलं तर तुमचं पेडल कॉम्प्युटरच्या दृष्टीने एक छोटा कीबोर्ड आहे. काहीच उमटलं नाही पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसच्या यादीत वायर लावल्यावर एक ओळ वाढतेय, तर ते खास ट्रान्स्क्रिप्शनचं पेडल आहे, त्याला ओळखणारं सॉफ्टवेअर लागेल. हा फरक घेतानाच माहीत असायला हवा आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. इन्फिनिटी किंवा ऑलिंपसच्या आरएस मालिकेसारखी पेडलं दुसऱ्या जातीची, एक्सप्रेस स्क्राइबसारख्या ट्रान्स्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल्सच्या सेटिंगला जाऊन एकदा ओळख करून दिली की तुम्ही वर्डमध्ये टाइप करत असलात तरी मागे ऑडिओ गुपचूप पेडल ऐकतो. पण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ओट्रान्स्क्राइबसारख्या साइटवर ही पेडलं सहसा सरळ चालत नाहीत, मधे काहीतरी जोडणी लागते. तिथे कीबोर्डवाली पेडलं बरी, कारण साइटला वाटतं तुम्ही कळच दाबली.

कीबोर्डवाल्या पेडलची मात्र वेगळीच गंमत. ही बऱ्याचदा ए, बी, सी अशी अक्षरं पाठवायला लावलेली येतात, आणि आपण मराठीत टाइप करणारी माणसं, कीबोर्ड इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या ठरलेल्या मांडणीवर. बीच्या जागी इनस्क्रिप्टमध्ये व येतो. मी पहिल्या दिवशी मन लावून अर्धा तास टाइप केलं आणि वर बघितलं तर पानभर 'त्यांनी ववव सांगितलं की ववववव बैठक'. सोबत आलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून पेडलची कळ बदलता येते, मी ती बदलून एफ४ केली, कारण एक्सप्रेस स्क्राइबमध्ये एफ४ म्हणजे स्टॉप आणि एफ९ म्हणजे प्ले. झालं, आता सुटले असं वाटलं. पण वर्डमध्ये एफ४ म्हणजे 'आत्ता केलंस तेच परत कर', आणि एक्सप्रेस स्क्राइब चुकून बंद राहिलं त्या दिवशी प्रत्येक दाबाला माझं शेवटचं वाक्य कागदावर परत परत छापलं जात होतं. एफ७ दिलंत तर स्पेलिंग तपासायचा डबा उघडतो. म्हणून कळ अशी निवडा की जी एरवी कुठेच लागत नाही, कंट्रोल-आल्ट धरून एखादी, आणि तीच सॉफ्टवेअरमध्ये हॉटकी, म्हणजे प्लेअर चालवायची ठरलेली कळ, म्हणून द्या, आणि ती हॉटकी सगळ्या कॉम्प्युटरभर लागू आहे ना ते बघा, नाहीतर वर्ड समोर असताना प्लेअरला ती ऐकूच जात नाही.

एका दाबाला दोनदा लागतंय, म्हणजे चालू होऊन लगेच बंद, तर आतला मायक्रोस्विच थकलाय किंवा मळलाय. नोटपॅडमध्ये एका दाबाला दोन अक्षरं आली की खात्री झाली. पण स्विचवर खापर फोडायच्या आधी पेडल उलटं करून बघा, माझ्या पेडलच्या स्प्रिंगखाली केसांचा गुंता आणि एक स्टेपलरची पिन निघाली होती, ती काढल्यावर अजून ते वर्षभर चाललं. पेडल बिजागरीतून करकरत असेल तर तेल सोडू नका, ते स्विचमध्ये उतरतं आणि धूळ धरतं.

आता नवीन घ्यायचंच असेल तर. तीन पेडलांची सर्वसाधारण मांडणी अशी की मधे प्ले, ते सगळ्यात मोठं, डावीकडे रिवाइंड आणि उजवीकडे फॉरवर्ड. फॉरवर्ड क्वचितच लागतं, त्यामुळे ते लहान असलं तरी चालेल, पण मधलं आणि रिवाइंड यांच्यात बोटांना कळेल असा उंचवटा किंवा खाच पाहिजे, टेबलाखाली वाकून बघत बसता येत नाही. बॅकस्टेपची सवय झालेल्यांना एकाच पेडलचं साधं मॉडेलही पुरतं, मला पटायला वेळ लागला पण माझं निम्मं काम आता त्याच्यावरच होतं. चार पेडलांची येतात, ऑलिंपसचं आरएस-३१ तसं आहे, चौथ्याला आपल्याला हवं ते काम देता येतं, टाइमस्टॅम्प (मजकुरात रेकॉर्डिंगची वेळ टाकणं) वगैरे. खूप टाइमस्टॅम्प लागत असतील तर घ्या, नाहीतर चुकून पाय पडायला अजून एक जागा एवढंच.

जुनं सेकंडहँड घेताना आधी प्लग बघा. नऊ पिनांचा चपटा सीरियल प्लग असेल तर आजच्या लॅपटॉपला तो लागणारच नाही, आणि कन्व्हर्टर लावून प्रत्येक पेडल चालतंच असं नाही. गोल पिनेचा असेल तर ते बहुधा एखाद्या टेप मशीनचं पेडल आहे आणि ते त्याच मशीनला चालतं, एका कंपनीचं दुसऱ्याला लागत नाही.

ज्यांच्याकडे अजून कॅसेटी येतात, जुन्या मुलाखती, घरातल्या माणसांची रेकॉर्डिंगं, त्यांना पूर्ण मशीन लागेल. तेव्हा कॅसेटचा आकार पक्का करा. नेहमीच्या मोठ्या कॅसेटीची मशीनं वेगळी आणि ऑलिंपसने १९६९ मध्ये आणलेल्या मायक्रोकॅसेटची वेगळी, पॅनासॉनिकचं आरआर-८३० मोठ्या कॅसेटचं तर आरआर-९३० मायक्रोचं, दिसायला भावंडं पण कॅसेट एकाची दुसऱ्यात जात नाही. फिलिप्सची १९६७ ची मिनीकॅसेट अजून तिसरीच, मायक्रोच्या एवढीच दिसते आणि हमखास फसवते. मायक्रोकॅसेटला परत दोन वेग, सेकंदाला २.४ सेंटिमीटर आणि १.२ सेंटिमीटर, मशीनवर तो खटका नसेल तर निम्म्या कॅसेटी चिपमंकसारख्या चिरक्या, भरभर ऐकू येतील. आणि या सगळ्या मशीनांचं दुखणं एकच, आतला रबरी पट्टा. वर्षानुवर्षं पडून राहिला की तो सैल पडतो नाहीतर चिकट डांबरासारखा होतो, मग आवाज लाटांसारखा वर-खाली हेलकावे खातो. मशीन घेताना कॅसेट लावून दोन मिनिटं सलग ऐका, आणि पेडलने वीसेक वेळा थांबवून-चालवून बघा, सुरू होताना आवाज 'ऊंऽऽ' करत उचलत असेल तर पट्टा गेला. खरं सांगायचं तर थोड्याच कॅसेटी असतील तर हेडफोनच्या भोकातून वायर लावून त्या एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि पुढे यूएसबी पेडलनेच काम करा, कॅसेट परत परत मागे-पुढे करून तीही झिजते.

डिक्टेशनच्या फायली डीएसएस किंवा डीएस२ या डिक्टेशनच्या खास फॉरमॅटमध्ये येत असतील तर पेडलच्या आधी सॉफ्टवेअर ठरवा, या फायली बऱ्याच साध्या प्लेअरमध्ये उघडतच नाहीत आणि डीएस२ ला वर पासवर्डही असू शकतो. जे सॉफ्टवेअर त्या फायली उघडेल ते कुठली पेडलं ओळखतं ती यादी बघा आणि त्यातलंच पेडल घ्या, उलट्या क्रमाने गेलात तर फाइल एकीकडे आणि पेडल दुसरीकडे असं होतं.

आणि आल्यावर पहिल्याच दिवशी आठ तास चालवू नका. मी आता नवीन पेडलला एक ओळखीची, स्वच्छ आवाजाची अर्ध्या तासाची फाइल लावते, संपली की उठून दोन जिने चढ-उतर करते. उतरताना नडगी कळली तर ते दुसऱ्या दिवशी परत डब्यात जातं.